दुसऱ्या दिवसाचा डोस

वऱ्हाडात जिवाणूंच्या एका आजाराची औषध-प्रतिकाराची चाचणी दोनेक तासांत होते आणि तीही फुकट. तो आजार म्हणजे क्षय. अमरावती असो की अकोला, संशयित रुग्णाचा बेडका सीबीनॅट यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये जातो. यंत्र जंतू आहे की नाही ते सांगतं आणि त्याच दमात रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतं. मूत्रमार्गाचा संसर्ग, नवजात बाळाच्या रक्तात पसरलेले जंतू, भाजलेल्या माणसाची चिघळलेली जखम, सिझेरियननंतर पिकलेले टाके, हेही सगळे जिवाणूंचेच उद्योग आणि त्यांतले बरेच जंतू नेहमीच्या औषधांना जुमानेनासे झालेले. पण तिथे उत्तर यायला दोन ते चार दिवस लागतात, तेही कुणी ‘कल्चर लावलं’, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवायला ठेवले असतील तर. या तफावतीचं कारण विचारलं की बहुतेक जण यंत्रांकडे बोट दाखवतात : क्षयासाठी यंत्र आलं, बाकीच्यांसाठी अजून यायचं आहे. मला हे कारण अपुरं वाटतं. क्षयाच्या बाबतीत नमुना घेणारा, तो पोचवणारा, तपासणारा, निकाल कळवणारा आणि त्या निकालावर औषध देणारा अशी सलग साखळी आपण उभी केली. बाकी जंतूंच्या वाट्याला सुटे दुवे आले, आणि नुसतं नवं यंत्र विकत घेतल्याने ते जुळणार नाहीत.

क्षयाच्या चाचणीला निसर्गाचीही मदत झाली, हे आधी मान्य करायला हवं. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बिघाड एकाच जनुकाच्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात सापडतो. तेवढा तुकडा वाचला की काम झालं. म्हणूनच डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या यंत्राला मान्यता दिली आणि दशकभरात ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं. पुढे गोव्यातल्या मोलबायो कंपनीनं बॅटरीवर चालणारं ट्रुनॅट काढलं. त्याला एसी खोली लागत नाही. विजेचा लपंडाव चालणाऱ्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट लहान नव्हे. पण यंत्रांच्या बरोबरीनं निर्णयही झाले. २०११च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. त्याच टिपणात त्यांनी धारावीतल्या पाहणीचा दाखला दिला होता : बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाचं बिनचूक प्रिस्क्रिप्शन १०६ खासगी डॉक्टरांपैकी फक्त ५ जणांना लिहिता आलं. त्या टिपणावर बरीच आदळआपट झाली, तरी त्यानंतर चाचण्यांना वेग आला. २०१८ पासून तर निदान झालेल्या प्रत्येक क्षयरुग्णाची किमान रिफाम्पिसिनसाठी चाचणी करायचीच, असं देशाचं धोरण झालं. राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६ टक्के बहुऔषध-प्रतिरोधी निघाले. आपल्याकडे हा आकडा आहे, कारण आपण मोजलं.

आता बाकीच्या जंतूंकडे वळू. उदाहरणार्थ, ई. कोलाय या जंतूमध्ये प्रतिकाराला अशी एकच ठरावीक जागा नाही. तो औषधाचे तुकडे करणारं विकर बनवतो, औषध आत शिरण्याच्या वाटा बुजवतो, आत आलेलं औषध बाहेर फेकतो, आणि यांतलं थोडंथोडं सगळं एकदमही करतो. त्यामुळे जनुक सापडलं तर औषध चालणार नाही असं सांगता येतं, पण जनुक सापडलं नाही म्हणून औषध चालेलच अशी हमी देता येत नाही. शेवटी जंतू वाढवून, त्याच्यापुढे औषध ठेवून, तो मरतो की वाढतो हे पाहणं आलं. १९६६ मध्ये प्रमाणित झालेली किर्बी–बाउअर पद्धत आजही तेच करते : जंतू पसरलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायचं. अडचण आहे ती वेळेची. आणि इथेच एक उलटी गोष्ट दिसते. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो, ई. कोलायला अनुकूल वातावरणात वीस मिनिटं पुरतात. म्हणजे वाढवून बघायच्या पद्धतीत ई. कोलायचं उत्तर कितीतरी आधी हाती यायला हवं. ते का येत नाही? रक्ताच्या बाटलीत वाढ दिसायला बहुधा अर्धा ते एक दिवस जातो. मग थाळीवर पेरा, उद्या बघा. उगवलेल्या ठिपक्यातून पुन्हा पेरा, चकत्या ठेवा, परवा बघा. या हिशेबात जंतूचे स्वतःचे तास थोडे आहेत. बाकीचे प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाचे, रविवारचे, आणि ‘सकाळी मॅडम आल्यावर बघू’ याचे.

हे तास कापायला परदेशी यंत्रच लागतं असंही नाही. युरोपातल्या प्रमाणक समितीनं, म्हणजे युकास्टनं, २०१८ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. वाढ दिसू लागलेल्या रक्ताच्या बाटलीतले काही थेंब सरळ थाळीवर पसरायचे, त्याच नेहमीच्या चकत्या ठेवायच्या आणि वर्तुळं चार, सहा आणि आठ तासांनी मोजायची. प्रत्येक वेळेसाठी वेगळे आकडे ठरवून दिले आहेत. ज्या जंतूचं उत्तर चार तासांत स्पष्ट होत नाही त्याला सहा तास द्या, आठ द्या. साहित्य तेच, मधला एक दिवस गळाला. कार्बापेनेम गटाची, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ‘हायर अँटिबायोटिक’ म्हणतात त्यांतली बडी औषधं फोडणारं विकर जंतूत आहे का, हे रंगबदलावरून दोन तासांच्या आत सांगणारी कार्बा एनपी ही चाचणी २०१२ पासून उपलब्ध आहे. तीत द्रावण लालाचं पिवळं होतं. यंत्र लागत नाही. डोळे आणि सराव लागतो.

चमकदार शोधही झाले आहेत आणि ते खरोखर कौतुकाचे आहेत. प्रतिकार ओळखणाऱ्या झटपट चाचणीसाठी ब्रिटनमध्ये २०१४ साली जाहीर झालेलं लाँजिट्यूड पारितोषिक दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका उपकरणाला मिळालं. थोडी लघवी एका चिपमध्ये घालायची. चिपच्या अतिसूक्ष्म नळ्यांत जंतू अडकतात, पाच औषधांपुढे ते वाढतात की नाही हे सूक्ष्मदर्शी टिपतो आणि पाऊण तासात उत्तर येतं. बक्षिसाची रक्कम ८० लाख पौंड. पण ते उपकरण फक्त मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी आहे, आणि आपल्याकडे त्याच्या आधीचाच प्रश्न सुटलेला नाही. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे किंवा थंड ठेवला पाहिजे. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, तेल्हारा किंवा पातूरहून एसटीनं निघालेल्या डबीत वाटेतच जंतूंची जत्रा भरते. आजारी नसलेल्या माणसाचाही अहवाल मग भरगच्च येतो. त्यावर डिप-स्लाइड नावाचा जुना, स्वस्त तोडगा आहे : पोषक द्रव्याचा लेप दिलेली पट्टी गावातच लघवीत बुडवून डबीत बंद करायची, म्हणजे तिच्यावरचे जंतू मोजण्याजोग्या ठिपक्यांतच वाढतात. खरेदीच्या यादीत असल्या वस्तू वर यायला हव्यात. त्यांच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही, ही त्यांची उणीव असावी.

चाचणीच्या या आग्रहावर पहिला आक्षेप वॉर्डातल्या डॉक्टरचा असतो आणि तो रास्त आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून रुग्णाचा रक्तदाब कोसळतो तेव्हा अहवालाची वाट बघत बसायचं का? अजिबात नाही. कुमार आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधल्या प्रसिद्ध अभ्यासात अशा रुग्णांना लागू पडणारं औषध मिळायला पहिल्या सहा तासांत एकेक तास उशीर होत गेला तशी वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेली. पहिला डोस अंदाजानंच द्यायचा असतो, तोही लगेच. मात्र अभ्यासातला ‘लागू पडणारं’ हा शब्द नजरेआड होतो. अंदाजानं दिलेलं औषध जंतूवर चालतच नसेल तर घड्याळाच्या लेखी तो डोस दिलाच गेला नाही. म्हणून चाचणी असते ती दुसऱ्या दिवसाच्या डोससाठी. चालू औषध राहू द्यायचं, बदलायचं, की भारी औषध काढून हलकं सुरू करायचं, हे तिच्यावरून ठरवायचं. त्यासाठी पहिल्या डोसच्या आधी रक्त घेऊन बाटलीत घालावं लागतं, आणि याला जाणारी काही मिनिटं कुणाच्या जिवावर उठत नाहीत. परतवाड्याला दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाल्यावर रुग्ण अमरावतीला आला की बाटलीत जंतू उगवत नाहीत. ‘कल्चर निगेटिव्ह’ असा शेरा येतो, आणि कल्चरचा काही उपयोग नसतो हा समज आणखी घट्ट होतो.

दुसरा आक्षेप आपल्या विदर्भातलाच आहे आणि माझ्या लेखी सगळ्यांत वजनदार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं चाचणी न करताच बाळं वाचवली. गावातल्या प्रशिक्षित बाईनं बाळाची लक्षणं पाहायची, ठरलेल्या खुणा दिसल्या की जंतुसंसर्ग धरायचा, पोटातून को-ट्रायमोक्झॅझोल आणि स्नायूत जेंटामायसिन द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात-मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले होते. मग मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळेचा सोस कशाला? उत्तर असं, की त्या बाळांचा जन्म बहुतांशी घरी होत होता आणि त्यांना लागणारे जंतू घरचे, गावचे होते. साध्या औषधांनी ते मरत. त्यानंतरच्या काळात बाळंतपणं दवाखान्यात येऊ लागली, ती यावीत म्हणून सरकारनं जिवाचं रान केलं आणि ते योग्यच केलं. पण दवाखान्याचे जंतू वेगळे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की रक्तात सापडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेब्सिएलापैकी निम्म्याहून अधिक बहुऔषध-प्रतिरोधी होते. धारणीचं बाळ शे-दीडशे किलोमीटर घाट उतरून अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात पोचतं तेव्हा त्याच्या पुढ्यात कुठला जंतू आहे, घाटावरचा की वॉर्डातला, हे लक्षणांवरून कळत नाही. गडचिरोलीच्या पद्धतीला विरोध म्हणून मी चाचणी मागत नाही. गावातल्या बाईच्या हाती दिलेलं जेंटामायसिन अजून चालतं का, हे अधूनमधून मोजणारं कुणी नसेल तर ती पद्धत एक दिवस नकळत निकामी होईल.

मोजमापाचं म्हणाल तर देशाचे आकडे आहेत. आयसीएमआरनं २०१३ मध्ये प्रतिकाराच्या पाळतीचं जाळं सुरू केलं. त्याच्या अहवालांप्रमाणे इमिपेनेम या कार्बापेनेम गटातल्या औषधाला दाद देणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होतं, ते २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडा घाबरवणारा आहे, पण तो मोठ्या रुग्णालयांतल्या अतिगंभीर रुग्णांचा आहे हेही सांगायला हवं. या जाळ्यात आपल्या सगळ्यांत जवळचं नाव सेवाग्रामचं. अचलपूरच्या डॉक्टरनं दिल्ली-वेल्लोरच्या आकड्यांवरून औषध लिहावं, तर तो गरज नसताना भारी औषध लिहील. नुसत्या सवयीवर लिहावं, तर कुचकामी औषध लिहील. त्याला हवा आहे तो आपल्या जिल्ह्याचा तक्ता : गेल्या वर्षी इथल्या लघवीच्या नमुन्यांत नायट्रोफ्युरँटॉइन किती टक्के चाललं, सिप्रोफ्लॉक्सासिन किती टक्के. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर याची गरज दुप्पट आहे. किडनीच्या आजारांची तक्रार तिथे वर्षानुवर्षं आहे, आणि जेंटामायसिन, अमिकासिन, कोलिस्टिन ही सगळीच औषधं किडनीला जड. साध्या गोळीनं भागणारं दुखणं आहे हे वेळेत कळलं तर ही इंजेक्शनं टळतात.

खासगी दवाखान्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो उपदेशानं सुटणारा नाही. कल्चरचा खर्च पाच दिवसांच्या गोळ्यांहून जास्त, रुग्णाची रोजमजुरी बुडते, आणि ‘डॉक्टर, उद्या उभं राहता आलं पाहिजे’ हा त्याचा हट्ट चुकीचा नसतो. मेडिकलवाल्याकडे जाऊन चिठ्ठीशिवाय गोळ्या आणणं त्याहून स्वस्त. २०१४ पासून लागू असलेली एच-१ यादी बरीच औषधं नोंदवहीत बांधते, पण नोंदवही उघडली तर ना. शिवाय झटपट चाचणीचा आपला पूर्वानुभव काही फार चांगला नाही. १८९६ मध्ये निघालेली विडाल चाचणी आजही गावोगावी ‘टायफॉइड निघाला’ असं सांगते. एकाच नमुन्यावरच्या तिच्या निकालाचा भरवसा धरता येत नाही, जुनं दुखणं किंवा लसही तिला फसवते, आणि कुठलं औषध चालेल याबद्दल तर ती अवाक्षर काढत नाही. तरी तिच्या जोरावर महागडी इंजेक्शनं टोचली जातात. म्हणून ‘चाचणी झाली पाहिजे’ एवढं म्हणून भागत नाही. चाचणीच्या निकालानं प्रिस्क्रिप्शन बदलतं का, हे विचारलं पाहिजे. वऱ्हाडी शेतकऱ्याला हा विचार परका नाही. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली तेव्हापासून अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्याला सांगत आलं आहे की कामगंध सापळे लाव, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर फवार, नाहीतर थांब. सापळा औषधापेक्षा स्वस्त असल्यामुळे हा सल्ला ऐकला जाण्याची थोडी तरी शक्यता असते. दवाखान्यात भाव नेमके उलटे आहेत, आणि ते सरकारनंच उलटवायचे आहेत. क्षयाची चाचणी फुकट झाली नसती तर किती जणांनी करवून घेतली असती?

तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूनं येतो : तुम्ही साखळी-साखळी करता, पण यंत्र आणलं की बाकीचं आपोआप सुधारतं. यावर नेमका पुरावा आहे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये ६१७ रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रक्तातले जंतू झटपट ओळखणारी चाचणी एका गटाला नुसती दिली, दुसऱ्या गटाला चाचणीबरोबर ‘हे औषध बदला’ असं सांगणारा तज्ज्ञही दिला. भारी औषधावरून हलक्यावर येण्याला नेहमीच्या पद्धतीत ३४ तास लागले, नुसत्या झटपट चाचणीत ३८, आणि तज्ज्ञाची जोड मिळाल्यावर २१. मृत्यूंच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक दिसला नाही, हेही लपवू नये. मेयोसारख्या संस्थेत जर नुसत्या यंत्रानं हलक्या औषधावर येणं लवकर झालं नाही, तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात ते का व्हावं? तिथे अहवाल कागदावर छापण्याऐवजी थेट वॉर्डातल्या डॉक्टरच्या फोनवर गेला, तर जास्त तास वाचतील.

साखळी उभारता येते हे वऱ्हाडानं एकदा दाखवलं आहे. २०२०च्या सुरुवातीला इथले कोरोनाचे नमुने नागपूरला जात. उन्हाळा संपायच्या आत अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा चालू झाल्या. रात्रपाळ्या लागल्या, गाड्या धावल्या, निकाल फोनवर येऊ लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण अचानक वाढले तेव्हा देशात दुसऱ्या लाटेची चाहूल आधी लागली ती इथे, कारण इथे चाचण्या होत होत्या. विषाणूसाठी जमलं ते जिवाणूंसाठी करताना अडतं ते पैशांवर असं मला वाटत नाही. साथीच्या निकालाची वाट जिल्हाधिकारी बघत होते. एका वॉर्डातल्या एका बाळाच्या कल्चरची वाट त्याची आई बघते.

वेगाची एक जबाबदारीही असते. उत्तर लवकर आलं आणि औषध नसलं, तर रुग्णाच्या पदरी फक्त लवकर कळलेली वाईट बातमी पडते. क्षयात हे घडून गेलं आहे. प्रतिरोधी क्षयावरचं बेडाक्विलिन हे औषध २०१६ मध्ये देशात आलं ते सहाच केंद्रांवर, आणि पाटण्याच्या एका मुलीला ते मिळवायला दिल्लीच्या उच्च न्यायालयात जावं लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच औषधाचा समावेश असलेली सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती मंजूर झाली, तोवर साखळीचा हा शेवटचा दुवा बराच पक्का झाला होता. बाकी जंतूंच्या बाबतीत जिल्हा रुग्णालयाचा औषधसाठा स्थानिक तक्त्यावरून ठरायला हवा. जे इंजेक्शन इथल्या जंतूंवर चालेनासं झालं आहे त्याची मागणी दरवर्षी त्याच आकड्यानं नोंदवत राहण्यात अर्थ नाही. आणि भारी औषधं राखून ठेवायची तर गोठ्याकडेही बघावं लागेल. कोलिस्टिन जनावरांच्या खाद्यात देण्यावर २०१९ पासून बंदी आहे. अकोल्यातच पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, आणि दगडी झालेल्या कासेचं दूध त्याच थाळीवर, त्याच चकत्यांनी तपासता येतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावतीच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग, त्याचे प्राध्यापक, त्याची प्रयोगशाळा हे सगळं नियमानं येतंच. हा विभाग दुपारी विद्यार्थ्यांना काचपट्ट्या दाखवून कुलूप लावणारा असेल, की रात्री अकराला वाढ दिसलेल्या बाटलीतून थाळी पेरून पहाटे इर्विन रुग्णालयाच्या वॉर्डाला फोन करणारा असेल, हे अजून ठरायचं आहे. ते ठरेल नेमणुकांच्या तक्त्यात रात्रपाळीच्या तंत्रज्ञांसमोर कुठला आकडा लिहिला जातो त्यावर.